शंभर ऑक्टेनचे सर

सरांच्या गाडीत बसायला वेळ लागायचा, पण उतरायला त्याहून जास्त. कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडी उभी राहायची, हँडब्रेक ओढला जायचा, तरी इंजिन चालूच. मी दाराकडे हात नेला की सर समोरच्या काचेतून बाहेर बघत, मान न वळवता म्हणायचे, "थांबा मॅडम. टर्बो गार होऊन राहिलाय."

मग आम्ही दोघं तसेच बसून राहायचो. बाहेरून माझे विद्यार्थी माझ्याकडे बघत माझ्याच वर्गाकडे जायचे. घंटा व्हायची. मी उतरल्यानं टर्बोच्या गार होण्यात काय अडचण येणार आहे, असं मी एकदा विचारलं. सरांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "शिस्त." त्या शब्दानं त्यांचं समाधान झालं. ते लवकर व्हायचं, फक्त स्वतःच्या बोलण्यानं व्हायचं.

सर आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या ऑटोमोबाइल विभागाचे सर्वांत जुने प्राध्यापक. मी तिथे इंग्रजी शिकवते. आमच्याकडे त्याला कम्युनिकेशन स्किल्स म्हणतात. दोघंही इंदूरच्या सुदामा नगरात राहणारे, घरं दोन गल्ल्या सोडून. माझ्या सासूबाई आणि सरांची बायको यांनी एका हळदीकुंकवात परस्पर ठरवून टाकलं की मी रोज सरांबरोबर जायचं. मला कुणी विचारलं नाही. सरांनाही विचारलं नसणार. वहिनी स्वतः मात्र त्या गाडीत कधी बसल्या नाहीत. राजवाड्यापर्यंत जायचं असलं तरी त्यांची स्कूटी. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "तिला बटण दाबलं की ती चालते. तिचे मूड सांभाळावे लागत नाहीत. घरात एक आहे ना, तेवढा बस आहे."

गाडी छोटी, पांढरी, टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा, लावलेली पेट्रोल गाडी. अशा गाड्या आमच्या कॉलनीत प्रत्येक गल्लीत एखादी दिसेल. कंपनीनं जितका जोर दिलाय तितक्यावर त्या लोकांचं भागतं. सरांचं भागत नव्हतं. सकाळी ते बॉनेटवर हात ठेवून उभे असायचे, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. मग इंजिन चालू करून गाडीभोवती एक फेरी मारायची, टायरांना बूट लावून बघायचा, आणि मग मला म्हणायचं, "बसा. दरवाजा आहिस्ता." दरवाजा मी कितीही हलक्या हातानं लावला तरी ते दुखल्यासारखा चेहरा करायचे.

कॉलेज बायपासच्या पलीकडे. आमच्या घरून सरळ रस्ता आहे. पण सर वाट वाकडी करून एका ठरावीक पंपावर जायचे, कारण शंभर ऑक्टेनचं पेट्रोल तिथे मिळायचं. बाकीचे पंप त्यांच्या हिशेबी रॉकेल विकत होते. ते रांगेत असलेल्या इतर गाड्यांकडे बघायचे ते सोवळं नेसलेल्या माणसानं बघावं तसं. एकदा शेजारच्या रांगेतल्या गृहस्थांनी साध्या स्कूटरमध्ये शंभराचं भरून घेतलं आणि खुशीत म्हणाले, "भिया, अब उड़ेगी!" सर काच खाली करून म्हणाले, "नहीं उड़ेगी." काच वर केली. मग कॉलेज येईपर्यंत मला ऐकवत राहिले. लोकांना वाटतं ऑक्टेन म्हणजे ताकद. गाढव लोक. ऑक्टेन म्हणजे संयम.

हा संयम त्यांनी मला एकदा पोह्यांच्या गाडीवर समजावून सांगितला होता, आणि खरं सांगायचं तर तो त्यांनी फार चांगला समजावला होता. हेच तर त्या माणसाचं दुखणं होतं. तो मूर्ख असता तर मी त्याला कधीच विसरले असते.

"लग्नाची पंगत आहे," सर म्हणाले. "पानं वाढलीत. यजमान म्हणाला की जेवायला सुरुवात. बरोबर? यजमान म्हणजे स्पार्क. त्याच्या शेजारचे आधी जेवायला लागतात, मग त्यांच्या शेजारचे, असं पुढे पुढे जातं. छान जेवण होतं. आता टर्बो काय करतो? त्याच मांडवात दुप्पट माणसं कोंबतो. दाटीवाटी, घाम, गरमी. अशात कोपऱ्यातल्या माणसाचा धीर सुटतो. यजमानाचा शब्द कोपऱ्यात पोचायच्या आधीच तो पानावर तुटून पडतो. दोन बाजूंनी गोंधळ सुरू. भांडी आदळतात. तो आवाज म्हणजे नॉकिंग. चालू राहिलं तर मांडव कोसळतो."

"आणि ऑक्टेन?"

"कोपऱ्यातल्या माणसाचा धीर. जितकी जास्त माणसं कोंबाल तितका धीर जास्त पाहिजे. धीर कमी असेल तर माणसं कमी बोलवा. इतकी सीधी बात आहे, मॅडम. पण लोकांना बूस्ट पाहिजे भरपूर आणि पेट्रोल पाहिजे कुठलंही."

मी म्हटलं, हे तुम्ही वर्गात असंच सांगता का? तर म्हणाले, वर्गातले लायक नाहीत.

लायक कुणीच नव्हतं. माणसं ते ऑक्टेनवर मोजायचे. प्राचार्य साधे, जरा वरून दबाव आला की ठोकायला लागतात. डायरेक्टर तर डिझेल. माझ्या विषयाबद्दल त्यांचं मत असं, की ती नुसती हवा आहे. मी एकदा म्हटलं, सर, तुमचाही विषय हवाच आहे, फक्त दाबून भरलेली. ते हसले नाहीत. त्यांच्या पणजोबांना संस्थानाच्या मोटारखान्याचे अधिकारी करून त्यांनी आमच्या स्टाफरूममध्ये इतक्या वेळा उभं केलं होतं, की ते गृहस्थ आम्हाला सहकारीच वाटत. वहिनींनी एकदा सहज सांगितलं की पणजोबा तिथे कारकून होते. मी ते कधी कुणाला बोलले नाही. पण पणजोबा पुन्हा निघाले की मी मनातल्या मनात त्यांना खुर्चीवरून उठवून कारकुनाच्या टेबलाशी बसवायची, आणि मला बरं वाटायचं.

तोंडी परीक्षेत विषय कुठलाही असो, सरांचा पहिला प्रश्न ठरलेला, ऑक्टेन म्हणजे काय. ज्यानं 'पॉवर' म्हटलं तो बाहेर. मुलांना हे माहीत होतं, पण सरांच्या डोळ्यांकडे बघून माहीत असलेलंही तोंडातून निघत नसे. बरोबर उत्तर न अडखळता देणारी एकच विद्यार्थिनी त्यांना मिळाली, असं ते सांगायचे. केतकी. इथलीच, मराठी घरातली, वडील शाळेत शिक्षक. तिनं उत्तर देऊन वर सरांना विचारलं होतं, की मग बूस्ट कमी करून साधं पेट्रोल चालवता येईल ना? सर त्या दिवशी घरी जाऊन वहिनींना म्हणाले होते, "आज एक भेटली." केतकीला पुढे शिकायला बाहेर जाता यावं म्हणून त्यांनी शिफारस लिहिली, फोन केले, तिच्या वडिलांकडे जाऊन त्यांना पटवलं. गाडीत बरेच दिवस मला 'माझी केतकी' ऐकावं लागलं. माझी केतकी असं म्हणाली, माझ्या केतकीचा पेपर छापून आला.

मग केतकी डॉक्टरेट घेऊन परत आली आणि आमच्या डायरेक्टरांनी तिला विभागप्रमुख केलं. त्या खुर्चीची वाट सर कितीतरी वर्षं बघत होते.

'माझी' तेव्हाच गळून पडलं. स्वागताच्या दिवशी सरांना ताप आला. दुसऱ्या दिवशी गाडीत ते ठणठणीत होते. लाल सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "टर्बो लावलेलं इंजिन आहे. मूळ सीसी कमीच. बाहेरची हवा भरली की आवाज मोठा येतो." केतकी मात्र त्यांना दिसली की उभी राहायची. मीटिंगमध्ये प्रमुख म्हणून ती बोलायला लागली की सर खिशातून किल्ली काढून कान कोरायचे. ती बोलणं थांबवायची, त्यांचा कान कोरून होईपर्यंत थांबायची, मग पुढे बोलायची. त्यात कुत्सितपणा नव्हता. खरंच थांबायची.

त्याच सुमारास सरांनी गाडीचा बूस्ट, म्हणजे टर्बो हवा भरतो तो दाब, वाढवून घेतला. दोन्हींचा संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण तारखा जवळच्या होत्या. शहरात एक जण होता, टायरच्या दुकानामागे लॅपटॉप घेऊन बसायचा आणि गाडीच्या डोक्यातले आकडे बदलून द्यायचा. सरांनी मलाही तिथे नेलं, कॉलेजच्या वाटेवर. तो माणूस लाळघोट्या होता. "सर जितना बोलेंगे उतना." सर बोलत गेले, तो आकडे चढवत गेला. कंपनीच्या दाबाच्या जवळजवळ दीडपट. इंजिनात एक सेन्सर असतो, नॉकिंग ऐकू आलं की आपणहून जोर कमी करणारा. सर म्हणाले, तो फार भित्रा आहे, जरा कुठे खुट्ट झालं की घाबरतो, त्याचे कान बंद कर. त्यानं केले. एवढं मात्र खरं, की सरांनी एक गोष्ट शहाण्यासारखी करून घेतली. स्टिअरिंगच्या खाली एक छोटा स्विच बसवला. एका बाजूला शंभराच्या पेट्रोलचे आकडे, दुसऱ्या बाजूला साध्याचे. अशा आकड्यांच्या संचाला ते मॅप म्हणत. कधी साधं भरायची वेळ आलीच तर स्विच दाबायचा, बूस्ट खाली येतो, इंजिन सुखरूप. हा स्विच त्यांनी शिपायापासून डायरेक्टरांपर्यंत सगळ्यांना दाखवला. "लोक आंधळे असतात. मी दोन्ही सोय ठेवली."

मार्चच्या शेवटी खरगोनच्या एका कॉलेजात सेमिनार होता. डायरेक्टरांनी सांगितलं, ऑटोमोबाइलमधून केतकी आणि सर जातील, इंग्रजीच्या सत्रासाठी मी; एकाच गाडीत जा. मी नाही म्हणणार होते. त्या संध्याकाळी माझ्या मुलीचं नाटक होतं, मराठी मंडळाच्या बालनाट्य स्पर्धेत. तिला माकडाचं काम मिळालं होतं आणि घरभर महिनाभर माकड होतं. पण सेमिनार दुपारी संपणार होता. सर म्हणाले, "पाच वाजता तुम्हाला हॉलच्या दारात सोडतो. ही गाडी आहे, बस नाही."

जाताना सगळा उतार. मानपूरचा घाट उतरलो की निमाड लागतो आणि हवा भट्टीसारखी होते. केतकी मागे बसली होती. सर माझ्याशीच बोलत होते, तेही तिला ऐकू जाईल असं. आजकाल डिग्र्या कशा मिळतात, वगैरे. ती खिडकीतून कापसाची रिकामी शेतं बघत होती.

सेमिनारमध्ये सरांचं भाषण उत्तम झालं. पंगत, मांडव, कोपऱ्यातला माणूस, सगळं होतं. टाळ्या पडल्या. केतकी सर्वांत पुढे बसून टाळ्या वाजवत होती. आणि टाळ्यांनी सरांना काय होतं ते मला ठाऊक होतं. जेवणानंतर त्यांनी तिथल्या प्राध्यापकांना एकेक करून गाडीत बसवलं आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर बूस्ट दाखवून आणला. एक उतरला की दुसरा. मी घड्याळ बघत सावलीत उभी. अर्ध्याहून जास्त टाकी त्यात संपली. परत निघालो तेव्हा इंदूरपर्यंत पुरणार नाही हे काट्यानंच सांगितलं.

धामनोदच्या अलीकडे पंप लागला. सरांनी शंभराचं आहे का विचारलं. पंपावरचा माणूस म्हणाला, "साहब, यहाँ तो एक ही आता है." सरांनी असा चेहरा केला, की जणू त्याच्या घरी पाणी प्यावं लागतंय. टाकी भरली. सर गाडीत बसले, पट्टा लावला, आणि त्यांचा डावा हात स्टिअरिंगखाली स्विचकडे गेला. मी शेजारीच बसले होते. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. बोट स्विचवर टेकलं होतं.

मागून केतकी म्हणाली, "सर, साधं भरलंय. मॅप बदलताय ना?"

तिचा स्वर अगदी साधा होता. आई म्हणते ना, पाकीट घेतलंस ना, तसा.

सरांचं बोट स्विचवरून उठलं. हात वर आला आणि गिअरवर बसला.

"मला शिकवू नकोस."

"नाही सर, तुम्हीच शिकवलंय."

"गाडी कुणाची आहे?"

गाडी निघाली. माझ्या मनात आलं, आपणच वाकून तो स्विच दाबावा. पण त्या गाडीत दाराला हात लावायची चोरी, स्विचला कोण लावणार? शिवाय मला तोवर वाटत होतं की जरा पुढे गेलं, तिचं लक्ष नाहीसं बघून हे हळूच दाबतील. माणूस इतका तरी शहाणा असतो.

घाट सुरू झाला. ऊन कलतं होतं, पण डांबर तापलेलं. गाडीत तिघं, एसी चालू, चढ. पहिल्या वळणानंतर बॉनेटखालून आवाज आला. स्टीलच्या डब्यात हरभरे घालून हलवावेत तसा, बारीक, कोरडा. सरांनी रेडिओ लावला. आवाज वाढला. त्यांनी रेडिओ वाढवला.

"सर, नॉक होतंय," केतकी म्हणाली.

"खडी उडून राहिलीय."

रस्ता नवा कोरा होता. खडीचा एक दाणा नव्हता.

"सर, स्विच नको असेल तर नुसता पाय हलका ठेवा. तिसऱ्यावर हळू चढू. काही घाई नाही."

खरं तर घाई मला होती. पण मीही म्हटलं, "हो सर, हळू चला. मला उशीर चालेल." चालणार नव्हता, तरी म्हटलं.

समोर एक ट्रक होता, माल भरलेला, धापा टाकत चढणारा. त्याच्या मागे राहिलो असतो तर गाडी घरी पोचली असती. सरांनी आरशात बघितलं. बाहेरचा आरसा नव्हे, आतला. त्यात केतकीचा चेहरा दिसत होता. आणि त्यांनी पाय पूर्ण खाली दाबला.

ट्रक मागे पडला. गाडी अशी काही पळाली की क्षणभर मलाही वाटलं, हा माणूस बरोबर होता की काय. मग हरभऱ्यांचा आवाज थांबला आणि एकच ठोका बसला, हातोड्याचा. पाठोपाठ गाडी लंगडायला लागली, मागच्या काचेतून निळ्या-पांढऱ्या धुराखेरीज काही दिसेना. सरांनी ती कठड्याला लावली. त्यांनी किल्ली फिरवली आणि इंजिन बंद झालं. त्या दिवशी टर्बो गार करायला कुणी थांबलं नाही.

मी उतरले आणि दरवाजा आपटला. मुद्दाम.

आम्ही कठड्याशी उभे. सर बॉनेट उघडून आत बघत होते. आत बघण्यासारखं काही नव्हतं, सगळं आतल्या आत झालं होतं. मी घरी फोन लावला. मुलगी रंगलेल्या चेहऱ्यानं फोनवर आली असावी, कारण ती म्हणाली, "आई, पटकन बोल, मिशी निघतेय." मी म्हटलं, बाबांना दे. नवऱ्यानं फोन घेतला. मी सांगितलं, तुम्ही व्हिडिओ काढा.

केळी घेऊन इंदूरला निघालेली एक पिकअप केतकीनं हात दाखवून थांबवली. पुढे एकाचीच जागा होती. ती मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही जा. मी सरांजवळ थांबते. क्रेन येईपर्यंत कुणी तरी पाहिजे."

"तू कशाला थांबतेस?" मी त्यांच्यासमोरच म्हटलं. "त्यांना राहू दे. त्यांची गाडी आहे."

सर बॉनेटमधून वर आले नाहीत. केतकी नुसती म्हणाली, "जा मॅडम, नाटक गाठाल."

नाटक गाठलं नाही. मी हॉलवर पोचले तेव्हा खुर्च्या उचलत होते आणि माझं माकड पायरीवर बसून समोसा खात होतं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुझ्या सरांनी मुद्दाम केलं का?" मी म्हटलं, हो.

तिकडे घाटात दोघांत काय बोलणं झालं ते मी केतकीला नंतर विचारलं. ती म्हणाली, काहीच नाही. तिनं पाण्याची बाटली दिली, ती त्यांनी घेतली. अंधार पडायच्या आत क्रेन आली. बस.

सोमवारी स्टाफरूममध्ये सरांनी जाहीर केलं, की निमाडात भेसळीचं पेट्रोल विकतात. पंपांवर छापे पडले पाहिजेत. दोन दिवसांत ती भेसळ वाढत जाऊन पाण्यावर आली. एकानं विचारलं, "पण सर, तुमचा तो स्विच होता ना?" सर म्हणाले, "भेसळीला स्विच नसतो." सगळे केतकीकडे बघायला लागले, ती गाडीत होती हे सगळ्यांना माहीत होतं. मला वाटलं, आता बोल बाई. एक वाक्य बोल, आणि हे खूळ कायमचं संपव. मी तर तोंड उघडायच्या बेतात होते.

केतकी कप विसळत होती. म्हणाली, "असेल."

एवढंच. आणि कप पालथा घालून वर्गावर गेली. मी सरांकडे पाहिलं. तिनं भांडण काढलं असतं तर ते लढले असते, चिडले असते, पणजोबांना बोलावलं असतं. 'असेल'शी भांडता येत नाही. भेसळीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

त्यानंतर आम्ही दोघंही कॉलेजच्या बसनं जायला लागलो. सर सर्वांत पुढच्या सीटवर बसायचे, ड्रायव्हरच्या मागे, आणि प्रत्येक गिअर बदलताना कण्हायचे. मला माणसाची कीव यायला हवी होती. आली नाही. मी पुस्तक उघडून बसायची आणि बस थांबताच सगळ्यांच्या आधी उतरायची, नुसतं उतरता येतं म्हणून.

विभागात काही जणांनी केतकीला सुचवलं, की इंजिनांचा तो भाग, नॉकिंगचा, यंदा दुसऱ्या कुणाकडे द्यावा. मुलं सरांना हसतील. तिनं ऐकलं नाही. "त्यांच्याइतकं चांगलं ते कुणी शिकवत नाही," म्हणाली. वेळापत्रक तसंच राहिलं.

एप्रिलमधली दुपार होती. माझ्या वर्गात परीक्षा चालू होती, त्यामुळे चिडीचूप. उकाड्यामुळे सगळ्या वर्गांची दारं उघडी. शेजारच्या वर्गात सर शिरताना मी पाहिलं. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही तरी होतं. टेबलावर ते ठेवल्याचा जड आवाज आला. मी दाराशी जाऊन उभी राहिले. लपून ऐकण्याइतकी मला त्या माणसाची उत्सुकता उरली नव्हती. पण भेसळीची गोष्ट तो मुलांना आता कशी सांगतो, ते मला ऐकायचं होतं.

"ये पिस्टन है," सर म्हणाले. "देखो इसको. घिसा नहीं है. पिघला है."

त्यांनी तो वर धरला होता. एका बाजूची कड उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखी गेली होती. पहिल्या बाकापासून तो मागे मागे फिरत गेला.

"सर, किसका है?" कुणी तरी विचारलं.

"एक महामूर्ख का." मुलं हसली. "हँसो मत. पढ़ा-लिखा था."

मग त्यांनी त्या महामूर्खाचं जे काही केलं, ते मी आजवर कुणा माणसाचं होताना ऐकलेलं नाही. माझ्या मनात त्यांच्याबद्दल इतक्या वर्षांत जे जे साठलं होतं ते सगळं त्यात होतं, आणि माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत होतं. पेट्रोल कुठलं भरलंय त्याला माहीत होतं, म्हणाले. बूस्ट किती आहे माहीत होतं. सेन्सर त्यानं स्वतः बहिरा करून घेतला होता. स्विच हाताखाली होता. गाडीत त्याच्याहून शहाणं माणूस बसलेलं होतं, त्या माणसानं सांगितलं, एकदा नाही, दोनदा. आवाज त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकला आणि वरून रेडिओ लावला. असल्या माणसाला बैलगाडीसुद्धा देऊ नये, बैलाचा जीव जाईल.

दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही. काही मुलांना माहीत होतं, ती माना खाली घालून बसली. ज्याला माहीत नव्हतं असा एक मागच्या बाकावर होता. पिस्टन त्याच्या हातात आला होता. तो फिरवून बघत त्यानं अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "पर सर, जब सब मालूम था, तो उसने बूस्ट कम क्यों नहीं किया?"

सर उत्तर द्यायला पुढे आले. दारात मी उभी आहे हे त्यांना दिसलं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग त्या मुलाकडे.

"ये सिलेबस में नहीं है," ते म्हणाले.

आणि डस्टर उचलून फळा पुसायला वळले. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.